शुक्रवारची विनंती

सासूच्या हातावर पाणी घालता घालता सुलाबाईचा तांब्या मध्येच थांबला… म्हातारीच्या अंगठ्याला शाई लागली होती! निळीजांभळी, ताजी, बोटाच्या रेघारेघांत बसलेली. बायनाबाईंनी ते पाहिलं, अंगठा मुठीत मिटून घेतला, मूठ पदराखाली नेली, आणि ‘उन्हानं लय जीव गेला बग, सुला’ असं काहीतरी पुटपुटत त्या आत जायला वळल्या. मागे धाकटी जाऊ रेणुका उंबऱ्यापाशी चपला काढत होती. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं तिच्याकडे. नुसतंच पाहिलं, पण त्या पाहण्यात एक अख्खं बोलणं होतं आणि त्या बोलण्यात सुलाबाईला जागा नव्हती.

दोघी सकाळच्या गाडीनं चुडाव्याहून परभणीला गेल्या होत्या. डोळे दाखवायला. मागच्या महिन्यातही डोळेच दाखवले होते, त्याच्या आधीही डोळेच. एवढे डोळे दाखवून झाले तरी सुईत दोरा अजून सुलाबाईच ओवून देत होती! आणि डोळे दाखवायला माणसाचा अंगठा कशाला लागतो? अंगठा लागतो तो कचेरीत. सासऱ्यांच्या मागे हे तीन खोल्यांचं घर बायनाबाईंच्या नावावर झालं होतं, आणि म्हातारीला सही येत नव्हती. सुलाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिच्या मनात त्या क्षणी जे शिरलं ते पुन्हा बाहेर निघालं नाही.

खरं तर घराचं तिला फारसं काही नव्हतं. तिचे मालक शांतवन रेल्वेत गँगमन, दोन वेळची भाकरी सुखानं मिळत होती, पोटी मूलबाळ नव्हतं; कुणासाठी घर राखायचं? तिला जाळत होतं ते वेगळंच. रेणुका या घरात सून म्हणून आली आणि सुलाबाईचं एकेक काम, एकेक मान, एकेक हक्क हलक्या पावलांनी तिच्याकडे सरकत गेला… आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही!

सुलाबाई लग्न होऊन आली तेव्हा दहावी पहिल्या वर्गात पास झालेली होती. ख्रिस्ती घरांतल्या हुशार मुलींची वाट तेव्हा एकच, नर्सिंगची. तिचंही नाव लागलं होतं, पेटी भरून तयार होती. तेवढ्यात सासरे गेले, त्या धक्क्यानं सासू अंथरुणाला खिळली आणि धाकटा दीर सुरज तर शेंबडं पोर होतं. पेटी राहिली ती राहिलीच. सासूचं हागणंमुतणं काढत, सुरजला पोटच्या लेकरासारखं वाढवत तिनं तारुण्य या घरात जिरवलं, आणि म्हातारी उठून हिंडूफिरू लागली तोवर नर्सिंगचं वय निघून गेलं होतं. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. माणूस एवढं मोठं काही सोडतो आणि गप्प राहतो, तेव्हा ते गप्प राहणं हेच त्याचं धन होऊन बसतं.

आणि सुरजनं बायको आणली ती नर्स! गावच्या उपकेंद्रात नेमणूक. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, सकाळी निघाली की वाटेवरच्या बाया ‘सिस्टर, सिस्टर’ करत मागे लागायच्या. इतकी वर्षं याच गावात राहिलेल्या सुलाबाईला आता लोक ‘सिस्टरची जाऊ’ म्हणून ओळखायला लागले होते. दांडीवर वाळणारा तो पांढरा कोट घडी घालताना कितीदा तिच्या हाताची बोटं त्याच्या खिशावरून फिरली असतील, ते तिचं तिला ठाऊक!

तेही तिनं गिळलं असतं. पण सासू? सासू तर तिची होती ना! रोज सकाळी म्हातारीला न्हाऊ घालायचं, पाठ चोळायची, वेणी घालायची, हा सुलाबाईचा जणू वतनाचा हक्क होता. उन्हाळा लागला आणि एक दिवस म्हातारी म्हणाली, “ऱ्हाऊ दे सुला, माझं मी घेते आंग धुऊन.” बरं, म्हणून सुलाबाई वळली, तर जरा वेळानं रेणुका न्हाणीत शिरली आणि दाराची कडी आतून लागली! तेव्हापासून रोज तेच. आत कुजबूज चालायची. सुलाबाई जवळ गेली की कुजबूज थांबायची आणि म्हातारी म्हणायची, “सुला, शेळ्यायला पाला टाकलास का गं?” पाला टाकलेला असायचा. तरी ती पुन्हा जाऊन टाकायची, आणि शेळ्यांच्या तोंडाकडे पाहत डोळे पुसायची. विचारलं का नाही तिनं सरळ? विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं… पण मत्सराला उत्तर नको असतं, त्याला पुरावा हवा असतो. आज तो अंगठ्यावर सापडला होता.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. गावाच्या कडेला पत्र्याचं प्रार्थनामंदिर होतं, आजूबाजूला थोडीशी ख्रिस्ती घरं. पाळकसाहेब पूर्ण्याहून रविवारचे येत. शुक्रवारची बायकांची उपास-प्रार्थना मात्र सुलाबाईच चालवायची. शास्त्र, म्हणजे बायबल, तीच वाचायची, तीच समजावून सांगायची. त्या महिन्याचा विषय पाळकसाहेबांनी ठरवून दिला होता, आणि दैवाची थट्टा बघा, विषय होता जिभेची पापं!

सुलाबाईनं विषय सुंदर मांडला. जीभ केवढीशी, पण एका ठिणगीनं सारं रान पेटावं तसं ती माणसाचं आयुष्य पेटवते, असं शास्त्र सांगतं, हे तिनं सांगितलं. ज्या तोंडानं देवाची स्तुती करायची त्याच तोंडानं देवाच्या लेकराची निंदा करायची, हे एकाच आडातून गोडं आणि खारं पाणी शेंदण्यासारखं आहे, हेही सांगितलं. “आन चाडी,” ती म्हणाली, “ऐकणाऱ्याला लय गोड लागती. जिलबीगत आत उतरती. म्हणून तर चाडी करणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचंबी पाप हाय.” बायांनी माना हलवल्या. भिवराबाईनं तर डोळे मिटून “खरं हाय, बापा” म्हटलं. भिवराबाई मनानं भली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे गावाला माहीत होतं.

मग विनंत्यांची वेळ आली. ही तिथली रीत. ज्या बाईच्या मनावर जे ओझं असेल ते तिनं सगळ्यांपुढे सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. कुणी गुडघ्याचं सांगितलं, कुणी लेकीच्या सोयरिकीचं. शेवटी सुलाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. रेणुका उपकेंद्रात कामावर होती.

“बहिणींनो, माझ्या घरासाठी प्रार्थना करा,” ती म्हणाली. आवाज आपोआप कापरा झाला होता, आणि तो खोटा नव्हता. “नाव घेत न्हाई. देवाला ठावं हाय. आमच्या घरातल्या एका जिवात लोभ शिरलाय… म्हाताऱ्या माणसाला डोळ्याच्या नावाखाली परभणीला नेऊन अंगठे घ्यायलेत. मला माझं काई नको. मी घातलेला जीव मी कुनाला मागितला न्हाई. पर त्या लेकराचं मन फिरावं, एवढीच विनंती हाय.”

क्षणभर मंदिरात नुसता पत्रा तडतडला. मग भिवराबाईनं मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, “हे बापा, ज्या सुनंच्या मनात सैतान शिरला…” आणि सगळ्या बाया हुंदके देऊ लागल्या. सुलाबाईच्या पोटात कितीतरी दिवसांनी गार वाटलं. तिनं शिवी दिली नव्हती. खोटी साक्ष दिली नव्हती. नावसुद्धा घेतलं नव्हतं! निंदा वेगळी आणि विनंती वेगळी, असं ती घरी जाता जाता स्वतःला समजावत राहिली. एवढं समजवावं लागत होतं, यातच काय ते आलं. पण ते तेव्हा तिला कळलं नाही.

*

देवापर्यंत ती विनंती किती लवकर पोचली ठाऊक नाही. मन्मथअप्पांच्या किराणा दुकानापर्यंत मात्र शनिवारी संध्याकाळीच पोचली.

“काय हो सुलाबाई,” अप्पांच्या बायकोनं, उमादेवीनं, साखर तोलता तोलता विचारलं, “तुमच्या सिस्टरनं म्हातारीकडून घर लिहून घेतलं म्हणं? बँकेतलंबी काढलं म्हणं सगळं?”

“बँकेतलं?” सुलाबाई दचकली. म्हातारीचं बँकेत होतं काय, निराधार योजनेचे पैसे येत तेवढेच. “मी असं कुठं बोलले न्हाई, बाई. मी नुसतं प्रार्थनेला सांगितलं.”

“मग तेच की. देवाला सांगितलं म्हणजे खरंच असंल.” उमादेवीनं पुडी बांधली. तिच्या गळ्यात इष्टलिंग होतं, कपाळाला भस्म. मग ती म्हणाली, “आमच्यातबी भजनाला बाया जमतेत. पर घरातल्या माणसाचं असं सगळ्यांदेखत देवापुढं काढत न्हाईत. तुमच्यात चालतं का?”

सुलाबाईनं पुडी उचलली आणि मान खाली घालून ती निघाली. तरीही मनाच्या तळाशी एक आवाज होताच, कळू दे की जरा लोकांना, सिस्टर सिस्टर करतात ते!

रविवारची उपासना झाल्यावर पुरुषांनी सुरजला बाजूला घेऊन काहीबाही विचारलं. सोमवारी शुक्रवारच्या बैठकीतल्या चंदाची गरोदर सून नोंदणीला उपकेंद्रात आली, आणि रेणुकानं कागदावर अंगठा लावायला सांगताच तिनं हात मागे ओढून घेतला. “अंगठा देणार न्हाई,” म्हणाली आणि निघून गेली. पाठोपाठ इंजेक्शनाला आलेल्या दोघी बाकावरून उठल्या. मंगळवारी तर उपकेंद्राच्या ओसरीवर कुत्रं झोपलं होतं. जिचे दंड दुखले, कंबर दुखली, पोर तापलं, त्या सगळ्या आता गाडीनं पूर्ण्याला जायच्या. पराचा कावळा झाला होता आणि तो घरोघरी ओरडत हिंडत होता.

त्या संध्याकाळी सुरज दुकान लवकर बंद करून आला. पूर्णा स्टेशनजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तिथंही गिऱ्हाइकांनी त्याला विचारलं होतं. चपला न काढताच तो अंगणात उभा राहिला.

“वैनी, तुमी मंदिरात काय बोललात?”

सुलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “सुरज, तू मला इचारायलास? मी तुला लेकरागत…”

“ते मला ठावं हाय. म्हणून तर तुमाला उलटं बोलवत न्हाई.” तो बायकोकडे वळला. “तू तरी सांग. कसला अंगठा? कुठं दिला आईनं?”

रेणुका दारात उभी होती. पांढरा कोट अजून अंगावरच होता, चेहरा फटफटीत. तिनं एकदा सासूच्या खोलीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. “मला सांगता येत न्हाई,” एवढंच म्हणाली.

“सांगता येत न्हाई?”

“न्हाई.”

सुरज म्हणाला, “मंग आपल्याला हितं ऱ्हाता यायचं न्हाई. पूर्ण्याला खोली बगतो. बदलीचा अर्ज कर तू.” आणि तो तसाच बाहेर निघून गेला.

सुलाबाईला वाटायला हवं होतं, जिंकलं! पण तसं वाटलं नाही. रेणुका जाणार, ते ठीक. पण तिच्यामागे सुरज जाणार होता… ज्याला तिनं भरवलं, आंघोळ घातली, शाळेत सोडलं, तो तिचा सुरज! म्हातारी तेवढी उरेल. पण ती तरी तिची उरेल का?

*

बुधवारी दुपारी भिवराबाई बायनाबाईंना धीर द्यायला आली. धीर देऊन गेली आणि लगोलग म्हातारीची हाक आली, “सुला, हिकडं ये. दार लावून घे.”

कितीतरी महिन्यांनी सासूच्या बंद दाराच्या आतल्या बाजूला सुलाबाई उभी होती. बायनाबाई खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त भयंकर होतं.

“भिवरा इचारायली व्हती, कुठं कुठं अंगठा दिलास म्हणून. तुझ्या तोंडून कळलं म्हणली.” त्या चोळीच्या गाठीशी झटापट करू लागल्या. “हात दे हिकडं. तुलाच दावते, कुठं दिला ते.”

त्यांनी सुलाबाईचा हात धरून आपल्या डाव्या छातीवर ठेवला. सुलाबाईच्या बोटांना आत काहीतरी टणक लागलं, आवळ्याएवढं, हाडाला धरून बसल्यासारखं. तिनं झटक्यात हात काढला, आणि लगेच, आपण हात काढला या लाजेनं, पुन्हा ठेवला.

“उन्हाळ्यातच हाताला लागलं,” म्हातारी म्हणाली. “रेणुकाला दावलं. तिनं परभणीला नेलं, तपासण्या केल्या. डागदर म्हणले, कापून काढावं लागतं. येत्या सोमवारी काढणार हायत. माझी मर्जी हाय म्हणून कागदावर अंगठा घेतला त्यायनं. बास, एवढाच अंगठा. घर कुठं जायलंय गं? तुझंच हाय ते.”

सुलाबाई खाटेच्या पायाशी कोसळली. न्हाणीची कडी, कुजबूज, डोळ्यांचं निमित्त… जे जे तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं होतं ते एकेक करून उलटून तिच्याकडे पाहू लागलं. पण त्या सगळ्यातही मत्सराचं एक शेपूट वळवळत होतंच, आणि तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं, “मला कामून सांगितलं न्हाई, आत्याबाई? तिला सांगितलं. मला न्हाई. मी कोन व्हते तुमची?”

बायनाबाईंचा आवाज आला, पार खोल आडातून आल्यासारखा.

“तुझं नर्सिंगला नाव लागलं तवा मी ह्याच खाटंवर व्हते. तू पेटी उघडलीस, आन एकेक लुगडं काढून परत दांडीवर टाकलंस. मी बगत व्हते. ‘जा सुला, माझं मी बगते’ एवढं म्हणायचं व्हतं मला. तोंडाशी आलं व्हतं. न्हाई म्हणले. म्हणलं आसतं तर तू गेली आसतीस, आन मी मेले आसते. मला मरायचं नव्हतं…” म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. “माझ्या एका दुखण्यानं तुझा जलम खाल्ला, सुला. दुसऱ्या दुखण्याला तुला द्यायची नव्हती मी. म्हणून धाकटीला शास्त्रावर हात ठिवायला लावला, की सुलाला कळू देणार न्हाईस. सुरजलाबी सांगू नको म्हणले, त्यानं पळत येऊन तुलाच सांगितलं आसतं. तिनं नवऱ्याचं ऐकून घेतलं, गावाचं ऐकून घेतलं, पर तोंड उघडलं न्हाई. आन तू…”

सुलाबाई सासूच्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली की शांतवन धावत दारापाशी आले आणि बाहेरच उभे राहिले. तिला जे हवं होतं ते सगळं तिचंच होतं, पहिल्यापासून होतं! म्हातारीनं तिला दूर ठेवलं होतं ते मायेपोटी. आणि त्या मायेची राखण जी करत होती, तिचंच नाव सुलाबाईनं देवाच्या दारात मातीत घातलं होतं.

*

रेणुका उपकेंद्रात एकटीच बसली होती. सुलाबाई आत गेली आणि तिनं धाकट्या जावेचे पाय धरायला हात पुढे केले. रेणुका खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

“नको, अक्का.”

“आत्याबाईनं सांगितलं मला. माझं चुकलं गं. माझ्या जिभेला झडायला पायजे.”

“तुमी मला घरात शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं,” रेणुका म्हणाली. ती ओरडली नाही. तिला जणू ओरडायचंही त्राण नव्हतं. “मारलं असतं तरी चाललं असतं, मोठ्या हायत म्हणले असते. पण तुमी देवाला सांगितलं, अक्का. सगळ्या बायांनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. मी पापी हाय असं धरून. त्याला मी काय उत्तर देऊ? कुणाच्या दारात जाऊन भांडू?”

“मी काय करू सांग. तू म्हणशील ते करते.”

“मला चार भिंतीत माफी नको. जिथं बोललात तिथं बोला.” तिनं टेबलावरची नोंदणीची शाईची डबी उचलली आणि कपाटात ठेवून दिली. “ती चंदाबाईची सून हाय ना, तिला रक्त कमी हाय. ती माझ्याकडं यायलीच न्हाई. तिचं काई बरंवाईट झालं तर ते कुणाच्या जिभेवर, अक्का?”

सुलाबाई बाहेर पडली. दुपारच्या उन्हात तिला रस्ता दिसत नव्हता. शास्त्रात सांगितलंय, की देवापुढं भेट ठेवताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर भेट तिथंच सोड आणि आधी त्याच्याशी समेट करून ये. तिनं हे बायांना कितीदा समजावलं होतं! आता तिला उमगलं की ते समजावणं फार सोपं असतं.

*

पुढच्या शुक्रवारी मंदिर भरलं होतं. रेणुका आली, दाराशी, अगदी चपलांजवळ बसली. बायांनी नकळत पदर सावरून अंतर ठेवलं. सुलाबाईनं त्या दिवशी शास्त्र उघडलं नाही. ती उभी राहिली.

“मागच्या शुक्रवारी मी जी विनंती केली ती खोटी व्हती,” ती म्हणाली. “आमच्या आत्याबाईला गाठ झालीय. येत्या सोमवारी परभणीला ऑपरेशन हाय. त्याचा अंगठा व्हता तो. माझी जाऊ त्यायला दवाखान्यात न्यायली व्हती. तिनं काई घेतलं न्हाई.”

गलबला झाला. भिवराबाईनं डोळ्यांना पदर लावला. “किती मोठं मन गं बाई तुझं, सुला,” ती म्हणाली. “घराची अब्रू झाकायलीस. एवढं झालं तरी जावंवर पांघरून घालायलीस.”

“आन बगा,” चंदा म्हणाली, “आपुन प्रार्थना केली म्हणूनच सिस्टरचं मन फिरलं. म्हातारीला दवाखान्यात न्यायची बुद्धी झाली. देवाची स्तुती असो.”

“स्तुती असो,” बाया एका सुरात म्हणाल्या.

सुलाबाईचं खोटं त्यांनी एका दमात गिळलं होतं, आणि तिचं खरं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं! उलट त्या खऱ्यानंच तिला आणखी थोर केलं होतं, आणि दाराशी बसलेल्या त्या पोरीला पश्चात्तापी चोर. आत्ता गप्प बसलं तर मान वाढणार होता, नाव होणार होतं. तिनं रेणुकाकडे पाहिलं. रेणुका उठायला लागली होती; तिचा एक पाय चपलेत होता.

“थांब, जाऊ नको,” सुलाबाई म्हणाली, आणि बायांकडे वळली. “तिचं मन फिरायला ते वाकडं नव्हतंच कवा. वाकडं माझं व्हतं. ऐका नीट. मला हेवा वाटायला व्हता तिचा. मला नर्स व्हायचं व्हतं. न्हाई झाले. ती होऊन आली. रोज तिचा कोट दांडीवर बगून माझा जीव जळायचा. आत्याबाईनं तिला जवळ केलं, मला वाटलं, माझं व्हतं नव्हतं ते गेलं. शाई दिसली आन मी मनानंच सगळं रचलं. कुनाला इचारलं न्हाई, काई न्हाई. शिव्या दिल्या आसत्या तर तुमी म्हणला आसता, सुला निंदा करायली. म्हणून मी विनंती केली. मला ठावं व्हतं, विनंतीला कुनी अडवत न्हाई. हे मी समजून उमजून केलं, बायांनो. तुमाला जिभेचं पाप शिकवलं आन त्याच बैठकीत केलं. आता माझ्या मोठ्या मनाचं नाव काढू नका.”

भिवराबाईचा पदर डोळ्यांवरच राहिला. अशी विनंती त्या मंदिरात कधी कुणी ऐकली नव्हती, आणि तिच्यावर आमेन म्हणायचं की नाही, हे कुणालाच कळेना. चंदानं मान खाली घातली. तिला बहुधा तिची सून आठवली असावी.

मग दाराशी हालचाल झाली. रेणुका चपलेतला पाय काढून उभी राहिली होती.

“माझी एक विनंती हाय,” ती म्हणाली.

बाया चपापल्या. सुलाबाईनं डोळे मिटून घेतले. आता जे येईल ते आपल्या वाट्याचं, ते ऐकायचं, असं तिनं ठरवलं.

“सोमवारी ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात म्हातारीजवळ एकच बाई थांबू देतेत,” रेणुका म्हणाली. “मी थांबणार न्हाई. अक्का थांबतील. त्यायला जमतंय ते. माझ्यापेक्षा जास्त जमतंय. त्यायच्या हाताला बळ मिळावं म्हणून प्रार्थना करा.” इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज आता फुटला. “आन एक माझ्यासाठी… मला अक्काला माफ करायचंय. मला अजून जमायलं न्हाई. मी नाव घेऊन सांगते, माझंच. जमावं म्हणून प्रार्थना करा.”

प्रार्थना नेहमी सुलाबाई सुरू करायची. त्या दिवशी तिच्या ओठांतून शब्द फुटेना. भिवराबाईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शेवटी चंदा उठली, बायांमधून वाट काढत दाराशी गेली, आणि रेणुकाशेजारी जमिनीवर बसून तिनं अडखळत अडखळत सुरुवात केली. हळूहळू बाकीच्याही तिकडे सरकल्या. सुलाबाई एकटीच पुढे उभी होती, मोकळ्या झालेल्या सतरंजीवर, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. आणि कितीतरी वर्षांनी तिला कुणाचाही हेवा वाटला नाही.

प्रार्थना संपल्यावर बाया पांगल्या. सुलाबाई बाहेर आली तेव्हा रेणुका कडुलिंबाखाली थांबली होती. डोळे सुजले होते. तिनं सुलाबाईकडे नीट पाहिलं नाही, हातही धरला नाही.

“चला अक्का,” ती म्हणाली, “दवाखान्यात काय काय लागतं ते तुमाला दाखवायचंय. आत्याबाई वाट बगायल्यात.”